चाळीस रुपयांचा लोलक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेबांनी मला विषय दिला होता, 'निवृत्तीनंतरचा छंद'. म्हणजे मी लाकडाच्या वस्तू कशा करतो ते गोड शब्दांत सांगावं, टाळ्या घ्याव्यात आणि खाली बसावं. पण मी चौतीस वर्षं बँकेत काढली. माझ्याकडून छंदावर भाषण होणार नाही, हिशोबावरच होईल. तेव्हा आज मी एका वस्तूच्या किमतीबद्दल बोलणार आहे. वस्तू म्हणजे आकाशकंदिलाखाली टांगायचा लाकडी लोलक, आणि किंमत चाळीस रुपये. ही किंमत मी स्वतः ठरवली होती आणि ती चुकली होती.

हा विषय घेण्याचं कारण घरचंच आहे. दरवर्षी दिवाळीच्या आधी आपल्या हॉलमध्ये विक्रीचे स्टॉल लागतात. कुणाच्या पणत्या, कुणाची तोरणं, कुणाच्या शेवया-पापड. आणि दरवर्षी एकच वाद होतो, 'वहिनी, एवढे कसे हो लावले?' मग वहिनी वरमतात आणि वीस रुपये कमी करतात. मीही तेच केलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो.

सुरुवात जरा मागून करतो. नोकरीत असताना माझी बदली सावंतवाडीला झाली होती. आपल्या खान्देशच्या माणसाला कोकणातला पाऊस म्हणजे शिक्षाच. पण तिथे मला चितारआळी भेटली. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि लाकडी फळं तुम्ही पाहिली असतील. आंबा, केळी, सीताफळ इतकं हुबेहूब की पाहुणा हात घालतो. पांगाऱ्याचं हलकं लाकूड खरादावर फिरवून आकार द्यायचा आणि मग रंगवायचं. त्या कारागिरांचे कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. अर्जात एक रकाना असे, उत्पादन खर्च. लाकूड किती, रंग किती, मजुरी किती. एका वयस्कर कारागिराला मी विचारलं, 'आजोबा, मजुरी किती लिहू?' ते म्हणाले, 'साहेब, मजुरी म्हणजे काय, सगळं भागवून उरेल ती.' मी अंदाजाने एक आकडा टाकला आणि अर्ज पुढे पाठवला. तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला कळला नाही. कळायला मला स्वतः खरादाजवळ बसावं लागलं.

निवृत्त झालो, नशिराबादला येऊन राहिलो. पहिली दोन वर्षं सकाळी झिपरू अण्णा महाराजांच्या समाधीचं दर्शन, दुपारी पेपर, संध्याकाळी हायवेपर्यंत फेरी. सौ. म्हणाल्या, 'अहो, घरात नुसते फिरू नका, काहीतरी करा.' गावात एक खरादवाले मिस्तरी आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. खाटेचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, रव्या, पोरांचे भोवरे, सगळं त्यांच्या हातून निघतं. वडिलांचाही तोच धंदा. आपल्याकडे पूर्वी या कामाला कातारी म्हणत. मी त्यांच्या दुकानात जाऊन बसू लागलो. आधी भुसा झाडला, मग ठोकळा धरला, मग सहा महिन्यांनी त्यांनी पटाशी हातात दिली. पटाशी लाकडात घुसवायची नसते, टेकवायची असते, हे शिकण्यातच माझे दोन अंगठे सोलून निघाले. त्यांनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हैसूरच्या सहलीला गेलो होतो तेव्हा वाटेत चन्नपट्टण पाहिलं. तिथे रंग ब्रशने लावत नाहीत. लाखेत रंग मिसळून त्याची कांडी करतात आणि फिरत्या लाकडावर ती दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या जातीचं वाळलं पान दाबून चकाकी आणतात. मी घरी येऊन तसं करून पाहिलं आणि जमलं. मिस्तरींनाही दाखवलं, तर ते हसून म्हणाले, 'आमचे बाबा पाळण्याले असाच रंग द्यायचे.' म्हणजे जे पाहायला मी एवढ्या लांब गेलो, ते नशिराबादेत होतंच.

मग घरामागच्या शेडमध्ये छोटं खरादयंत्र बसवलं. वखारीतून सागाचे आणि हळदूचे तुकडे आणले. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला साठ लोलक केले. थेंबाच्या आकाराचे, लाल-पिवळ्या लाखेचे, खाली रेशमी गोंडा. हॉलमधल्या स्टॉलवर मांडले. किंमत काय लावू? मनात म्हटलं, आपल्याला पेन्शन आहे, पैसे कुठे कमवायचे आहेत? लाकडाचे सुटले म्हणजे झालं. चाळीस रुपये लावले. एका संध्याकाळी साठच्या साठ गेले. तुम्हीच घेतले. काहींनी चार-चार घेतले. मला केवढा आनंद झाला! सौ.ना म्हटलं, बघ, साठात एकही उरला नाही.

त्या काही बोलल्या नाहीत. माझीच वही माझ्यासमोर ठेवली. वही मी नियमाने लिहितो, बँकेची खोड. साठ लोलकांचे चोवीसशे रुपये आले. लाकूड, लाख, पॉलिश पेपर, गोंडा, पुठ्ठ्याची डबी मिळून एकेका लोलकाला अठरा रुपये, म्हणजे एक हजार ऐंशी. उरले तेराशे वीस. एका लोलकाला मला पस्तीस मिनिटं लागत होती, म्हणजे साठांना पस्तीस तास. तासाला अडतीस रुपयेसुद्धा पुरते नाहीत. आठ तासांच्या दिवसाला तीनशे. यात वीज धरलेली नाही आणि फुटलेले लोलकही नाहीत. तीनशेत आज बिगारी माणूसही मिळत नाही. सावंतवाडीचे आजोबा मला त्या रात्री आठवले. मजुरी म्हणजे उरेल ती!

तरीही मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, आपलं नुकसान आपण सोसतो, कुणाचं काय जातं? इथे माझी खरी चूक झाली.

तुमच्यापैकीच कुणीतरी तो लोलक जळगावच्या एका दुकानदाराला भेट दिला. त्यांचा फोन आला. 'काका, सुंदर काम आहे. पुढच्या दिवाळीला दोनशे द्याल का? घाऊक भाव सांगा.' घाऊक हा शब्द ऐकून मी फुगलो. पस्तीस सांगितले. त्यांनी लगेच हो म्हटलं. ज्या भावाला व्यापारी घासाघीस न करता हो म्हणतो, तो भाव चुकलेला असतो, एवढं तरी बँकेतल्या माणसाला कळायला हवं होतं. पावसाळाभर राबून मी दोनशे लोलक पोचते केले. सात हजार रुपये मिळाले.

दिवाळी झाल्यावर मिठाई घेऊन मिस्तरींकडे गेलो. दुकानात एक गोणी पडली होती. तिच्यात लोलक, कळसाच्या आकाराचे, रंग न दिलेले. मी विचारलं, 'हे कुणाचे?' म्हणाले, 'जळगावच्या दुकानाचे. दरसाल दोनशे घेते तो. यंदा म्हने, एक रिटायर साहेब पस्तीसमधी देऊन राह्यले, तू सत्तर कायले मांगतो?'

मी तिथेच स्टुलावर बसलो. म्हटलं, 'मिस्तरी, तो साहेब मीच.' ते म्हणाले, 'मले मालूम आहे.' रागावले नाहीत. चहा मागवला. मग खराद पुसता पुसता एवढंच म्हणाले, 'साहेब, तुमी फुकट बी द्यान, तरी तुमच्या घरची चूल पेटीन. माही कशी पेटीन?'

दोनशे लोलक, सत्तर रुपये भाव, चौदा हजार रुपये. त्यांचा दिवाळीचा सगळा बाजार. ज्या माणसाने मला फुकट शिकवलं, त्याचं हे गिऱ्हाईक मी न विचारता, न कळता तोडलं. तेही कशासाठी? मला गरज नसलेल्या सात हजारांसाठी.

आणि गिऱ्हाइकाला तरी काय मिळालं? मुद्दाम त्या दुकानात जाऊन पाहिलं. मिस्तरींचे लोलक तिथे एकशे वीसला विकले जात होते. माझेही एकशे वीसलाच. म्हणजे मी जे पस्तीस रुपये सोडले, ते घेणाऱ्या ताईच्या पर्समध्ये राहिले नाहीत, मधेच जिरले. दुकानदाराला मी दोष देत नाही. स्वस्त मिळेल तिथून तो घेणारच, त्याला दुकानाचं भाडं आहे, नोकरांचा पगार आहे. दोष माझा होता.

त्या रात्री मी वही उघडली आणि पहिल्यांदा नीट किंमत काढली. कशी ते सांगतो, कारण पणत्या असोत की पापड, रीत तीच आहे. पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

पहिलं, माल. अठरा रुपये. यात डबी आणि गोंडाही आला. पुष्कळ जणी डबी धरत नाहीत.

दुसरं, वेळ. पण कुणाचा वेळ? मला पस्तीस मिनिटं लागतात, कारण मी नवशिका. माझ्या नवशिकेपणाचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यावेत? जाणता माणूस किती वेळात करतो ते धरायचं. मिस्तरींना रंग आणि गोंड्यासकट पंधरा मिनिटं लागतात. चांगल्या कारागिराचा तास एकशे वीस रुपये धरला, तर तीस रुपये झाले.

तिसरं, मोडतोड. लाकडात गाठ निघते, आतून चीर निघते. बारात एक जातो. त्याचा भार उरलेल्या अकरांवर टाकायचा, चार रुपये.

चौथं, वीज, पटाशीची धार, यंत्राची झीज, जागेचं भाडं. जागा घरची असली तरी धरायचं. आठ रुपये.

पाचवं, माल पोचवणं, उधारी, रिकामे दिवस आणि चार पैसे नफा. दहा रुपये.

आता बेरीज करा. अठरा, तीस, चार, आठ, दहा. सत्तर! दोन पानं हिशोब करून मी जिथे पोचलो, तिथे मिस्तरी तोंडी हिशोबानेच पोचले होते. त्यांचा भाव महाग नव्हता, बरोबर होता. खोटा होता तो माझा.

इथे कुणी म्हणेल, 'काका, वेळच कमी करा की.' ते मात्र जरूर करावं. माझी भाची जर्मनीत असते. तिने ड्रेस्डेनच्या दक्षिणेच्या डोंगरातल्या झाइफेन गावाचा व्हिडिओ पाठवला. कथिलाच्या खाणींवर जगणारं गाव, खाणी आटल्या तसे लोक खरादाकडे वळले. आज नाताळच्या लाकडी सजावटीसाठी ते प्रसिद्ध आहे. तिथे काही कारागीर लाकडाचं मोठं कडं खरादावर असं कातून काढतात की ते कडं केक कापावं तसं उभं चिरलं, की प्रत्येक फोडीतून एकेक घोडा नाहीतर गाय निघते. एका कड्यातून डझनावारी प्राणी. मग प्रत्येकाला चाकूने हात फिरवायचा. ते स्वस्त पडतात ते अक्कल लावली म्हणून, पोट मारून नव्हे. मिस्तरी आणि मी त्यावरून एवढं शिकलो की एकाच वेळी चोवीस ठोकळे गोल करायचे, मग चोविसांना आकार, मग चोविसांना रंग. हत्यार बदलण्यात जाणारा वेळ वाचतो. किंमत उतरवायची तर अशी उतरवावी.

आता विकण्याबद्दल पाच अनुभवाचे बोल.

एक, हॉलमधला भाव आणि दुकानातला भाव सारखा ठेवा. दुकानदार एकशे वीसला विकत असेल आणि तुम्ही स्टॉलवर सत्तरला दिला, तर तो पुढच्या वर्षी तुमच्याकडून का घेईल? आणि स्टॉलवर चार संध्याकाळ उभं राहणं हेही कामच आहे, त्याचे पैसे त्या पन्नासांत आहेत.

दोन, गिऱ्हाइकाला महाग वाटलं तर भाव पाडू नका, वस्तू लहान करा. पन्नास रुपयेच खर्चायचे असतील त्यांच्यासाठी लाकडी मण्याची किल्लीची साखळी ठेवा. ते खुशीने घेऊन जातात.

तीन, वस्तू टेबलावर निजवू नका, उजेडात टांगा आणि हातात द्या. लाखेचा गुळगुळीतपणा बोटाला कळतो. शेजारी चिठ्ठी ठेवा, लाकूड हळदूचं, रंग लाखेचा. 'एवढे कसे लावले?' याचं अर्धं उत्तर त्या चिठ्ठीत असतं.

चार, धनत्रयोदशीनंतर सजावटीचं गिऱ्हाईक संपतं. उरलेला माल पाडव्याला अर्ध्या भावात काढू नका, नाहीतर पुढच्या वर्षी लोक पाडव्याचीच वाट पाहतील. डब्यात ठेवा. लाकूड आहे, नासत नाही.

पाच, सण ओळखा. भुसावळच्या ख्रिस्ती कुटुंबांकडून नाताळच्या झाडासाठी घंटा आणि गोळ्यांची मागणी येते. पण झाडाची फांदी नाजूक असते, भरीव गोळा टांगला की वाकते. म्हणून गोळा दोन भागांत करून आतून पोकळ करावा लागतो. वेळ दुप्पट लागतो, तर किंमतही तशीच सांगायची. परदेशात जाणारं लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, तिथल्या हीटरच्या कोरड्या हवेत ओलं लाकूड तडकतं. वाळवण्याचं काम आपलं खान्देशचं ऊन फुकट करतं. बाहेरचा एवढा एकच खर्च मी हिशोबात धरत नाही.

आता तुम्ही विचाराल, मिस्तरींचं पुढे काय झालं? कथा-कादंबरीत असतं तर ती ऑर्डर परत आली असती. मी दुकानदाराला फोन केला, माझे लोलक बंद, मिस्तरींकडून घ्या म्हणून विनवलं. ते म्हणाले, 'काका, आता पस्तीसच्या वर परवडत नाही.' पुढच्या वर्षी त्यांनी मशिनवर कापलेले पातळ लाकडाचे कंदील आणले. ती ऑर्डर गेली ती गेलीच. एकदा पडलेला भाव वर चढत नाही, हे मी चौदा हजारांत शिकलो, आणि ते चौदा हजार माझे नव्हते.

मला जमलं ते केलं. मिस्तरींच्या मुलासाठी पीएम विश्वकर्मा योजनेचा अर्ज भरला. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत अठरा पारंपरिक धंदे आहेत, त्यात सुतार आहेत, खेळणी करणारेही आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज, तेही तारणाशिवाय. तुमच्या ओळखीत असा कारागीर असेल तर मला सांगा, अर्ज मी भरून देईन. पण त्या मुलाला मी एक गोष्ट बजावली. बाबा रे, कर्जाने यंत्र येतं, भाव येत नाही. भाव तुला स्वतः धरून ठेवावा लागेल. आणि या वेळी अर्जातला मजुरीचा आकडा मी अंदाजाने टाकला नाही. त्याच्याशेजारी बसून काढला.

शेवटचा मुद्दा आपल्या सोसायटीचा. रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून घरोघरी एक वस्तू द्यायची ठरलं, तेव्हा कमिटी माझ्याकडे आली. म्हणाले, 'काका, तुम्ही छोट्या गुढ्या करून द्या. लाकडाचे पैसे देतो, मजुरी तर तुम्ही घेणार नाहीच.' प्रेमाने म्हणाले, मला माहीत आहे. मी नाही म्हटलं. काहींना वाईट वाटलं, म्हातारा हेकट झाला असंही कुणी म्हणालं. मी म्हटलं, चौसष्ट घरं आहेत, चौसष्ट गुढ्या मिस्तरींना सांगा. त्यांनी एकशे साठ रुपये भाव दिला, दहा हजार दोनशे चाळीस. मीटिंगमध्ये एक तास चर्चा झाली. प्लॅस्टिकची वस्तू शंभरात येत होती. शेवटी कमिटीने मंजूर केलं, एक रुपयाही न कापता. त्याबद्दल मी कमिटीचे इथे जाहीर आभार मानतो.

आज प्रत्येकाला जाताना ती गुढी मिळेल. बैठक सागाची आहे, काठी हळदूची आहे, कळस लाखेचा आहे. मिस्तरींनी आणि त्यांच्या मुलाने त्या केल्या आहेत. माझं काम त्यात फक्त डब्या चिकटवण्याचं. त्याची मजुरी मी घेतली आहे, प्रत्येकी दोन रुपये, एकशे अठ्ठावीस. सौ.नी ते वहीत लिहिलेत.

मिस्तरी मागच्या रांगेत बसले आहेत. पुढे या म्हटलं तर येत नाहीत. तेव्हा जाताना तुम्हीच त्यांना भेटा. आणि पुढच्या दिवाळीला स्टॉलवर 'एवढे कसे लावले?' असं ओठांवर आलं, तर जरूर विचारा. फक्त उत्तर पूर्ण ऐकून घ्या.